पिराजीचा अभिप्राय

आमच्या गावात एक भोळा मुलगा होता. तसे भोळे गावात बरेच होते, पण ते निवडणुकीपुरते. हा बारमाही. नाव पिराजी. आठवीत होता. गेल्या वर्षीही आठवीतच होता. मी त्याच्या मागच्या बाकावर बसायचो, त्यामुळे सांगतोय ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते गिरणीवर ऐकलं, म्हणजे ते जास्तच खरं.

पिराजी वाईट नव्हता हो. त्याच्याइतका आज्ञाधारक पोरगा पंचक्रोशीत नसेल. सांगितलं की करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. आणि एकदा शिकवलेलं विसरायचा नाही, हीच तर पंचाईत होती. एकदा हेडमास्तर थिटे सरांनी त्याला फाटकात उभं केलं आणि म्हणाले, ‘शाळा सुटेपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही.’ मग सर चहा प्यायला गेले. त्या दिवशी सर परत शाळेत आलेच नाहीत.

तर त्या वर्षी काय झालं, आमच्या आरेकर बाई तालुक्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या. बाई प्रशिक्षणाला गेल्या की आम्ही दिवस मोजायचो. मागच्या खेपेला त्या ‘आनंददायी गणित’ घेऊन आल्या होत्या आणि आम्ही महिनाभर चिंचोके मोजत होतो. या खेपेला आल्या त्या ‘सहाध्यायी अभिप्राय’ घेऊन.

‘म्हणजे काय बाई?’ आम्ही विचारलं.

‘म्हणजे तुमचे निबंध मी तपासायचे नाहीत. तुम्हीच एकमेकांचे तपासायचे.’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाईंचा पगार चालूच राहणार का, असं कुणीतरी मागून हळूच विचारलं. तो मी नव्हतो.

निबंधाचा विषय होता ‘माझी इच्छा’. सोमवारी लिहायचा, आठवडाभर जोडीदाराने अभिप्राय द्यायचा, त्याप्रमाणे सुधारायचा, आणि शनिवारच्या पालकसभेत उत्तम निबंध आईवडिलांसमोर वाचायचा. बाईंच्या डोक्यात मात्र एकच निबंध होता. अनसूयाचा.

अनसूया म्हणजे गिरणीवाल्या शिदूअण्णांची थोरली. वर्गात पहिली. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तालुक्याच्या मुलींच्या शाळेत, तिथल्या होस्टेलवर. अनसूयाला जायचं होतं. अण्णा नाही म्हणत होते. ‘गिरणीवर कुणी बसायचं? कुणाचा डबा कुठला, कुणाला जाड पाहिजे, कुणाला बारीक, हे सगळं तिलाच पाठ हाय. आणि पोरगी नजरेआड ठेवायची म्हंजे जिवाला घोर.’ बाई तीनदा घरी जाऊन आल्या. तीनदा चहा पिऊन परत आल्या. होस्टेलच्या अर्जाची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी होती. बाई म्हणायच्या, अण्णा काही दगड नाहीत, पोरीने मनातलं लिहिलेलं चारचौघांत ऐकलं की विरघळतील. तेव्हा तो निबंध असा झाला पाहिजे की ऐकणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे. अनसूयाचं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन पानांवर टांगलेलं होतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. अनसूयाच्या चिठ्ठीत पिराजी निघाला.

वर्ग हसला. अनसूया हसली नाही. बाईंनी चिठ्ठी उलटून पाहिली, मागे दुसरं काही नाव आहे का म्हणून. नव्हतं. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं की चिठ्ठी बदलायची नाही. बाईसुद्धा सांगितलेलं ऐकणाऱ्याच.

‘हे बघ पिराजी,’ बाई म्हणाल्या, ‘सोपं आहे. कागदावर तुला आवडलेल्या दोन गोष्टी लिहायच्या. आणि जिथे सुधारणा हवी अशी एक गोष्ट लिहायची. जमेल?’

‘जमेल बाई.’

त्याने अनसूयाचा निबंध मांडीवर ठेवला आणि झरझर लिहिलं. सगळ्यांच्या आधी कागद दिला. बाईंनी कौतुकाने घेतला आणि मोठ्याने वाचला.

‘आवडलेल्या गोष्टी. एक, शिरा. दोन, आत्याच्या गावची जत्रा. सुधारणा हवी, आमच्या गोठ्याच्या छपराला.’

बाईंनी डोळे मिटले. मग उघडले.

‘अरे, निबंधातल्या गोष्टी! निबंधातल्या! आणि मोघम नको. कुठली ओळ, कितवा शब्द, काय आहे, कसं आहे. नेमकं सांगायचं. समजलं?’

‘समजलं बाई. नेमकं सांगायचं.’

मंगळवारी त्याने नेमकं सांगितलं. कागदावर होतं, ‘दुसऱ्या ओळीत अकरा शब्द आहेत. आवडले. पाचव्या ओळीवर तेलाचा डाग आहे, चिंचोक्याएवढा. तोही आवडला. सुधारणा, डाग जरा मध्यभागी हवा होता.’

अनसूयाने कागद वाचला आणि बाईंकडे पाहिलं. ‘बाई, मी दुसरा जोडीदार घेऊ का?’

बाई काही बोलणार, तेवढ्यात थिटे सर वर्गात आले. शाळा तपासायला साहेब येणार होते म्हणून सरांनी नवा शर्ट घातला होता. आम्ही उभे राहिलो. सर म्हणाले, ‘बसा. काय चाललंय? अभिप्राय काय? छान, छान. मग पिराजी, शिकलास का काही?’

‘शिकलो सर,’ पिराजी म्हणाला. ‘तुमच्यातल्या दोन गोष्टी मला आवडल्या. एक, शर्ट. दोन, शर्टाचा रंग. एक सुधारणा. वरून चौथं बटण तुटलंय. तिथून पोट दिसतंय. बेंबीच्या वर दोन बोटं.’

सरांनी हजेरीपट छातीशी धरून आणला होता, तो खाली सरकवून पोटाशी धरला आणि तसेच मागच्या पावली निघून गेले. साहेबांशीही म्हणे ते दिवसभर हजेरीपट धरूनच बोलले.

बाईंनी पिराजीला व्हरांड्यात नेलं. ‘अरे बाबा, माणसाबद्दल बोलायचं नसतं! माणूस कसा आहे, त्याला काय झालंय, ते आपलं काम नाही. फक्त लिखाणाबद्दल बोलायचं. माणसाबद्दल एक शब्द नको.’

‘बरं बाई. माणसाबद्दल एक शब्द नको.’

त्याच संध्याकाळी पिराजीचे आजोबा गोठ्यात शेणावरून घसरले. पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. घरात गडबड उडाली. वडील शेतात होते. आई म्हणाली, ‘पळ रे पिराजी, दवाखान्यात जा, डॉक्टरला सांग आबांना काय झालंय ते आणि औषध घेऊन ये.’

पिराजी पळाला. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर वैतागलेले.

‘काय झालंय आबांना?’

‘माणसाबद्दल मला बोलायचं नाही डॉक्टर.’

‘मग आलास कशाला?’

‘औषधाला. तुम्ही लिखाणाबद्दल विचारा.’

डॉक्टरांनी मागची रांग पाहिली. म्हणाले, ‘बरं बाबा. लिखाणाला काय झालंय आबांच्या?’

‘सही वाकडी येते. हात थरथरतो.’

‘असं सरळ सांग की मग,’ डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी हाताला चोळायचं मलम दिलं, गोळ्या दिल्या, मनगटाला बांधायची पट्टी दिली.

घरी आबा विव्हळत होते. आईने मलम हातात घेतलं, पट्टी पाहिली आणि विचारात पडली. ‘हाताला लावायचं म्हणालेत?’ ‘हाताला.’ शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या. त्यांनी ठरवलं की डॉक्टर एवढा शिकलेला, त्याला कळतंच, आतून शिरा जोडलेल्या असतात. मग रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांनी मिळून आबांचा हात चोळला. आबा ओरडत होते, ‘पाय! अरे पाय!’ बायका म्हणाल्या, ‘बघा, औषध पायापर्यंत पोचलं.’ आता तुम्हीच सांगा, पिराजी एकटाच का भोळा?

बुधवारी पिराजीचे वडील शाळेत आले. त्यांनी बाईंना काय काय सुनावलं ते इथे सांगत नाही, पोरंबाळं ऐकतायत. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि पिराजीला बोलावलं.

‘अरे, ते निबंधापुरतं होतं! निबंध तपासताना माणसाबद्दल बोलायचं नाही!’

‘निबंधापुरतं. बरं बाई.’

पण निबंध तिथेच अडला होता. बुधवार उजाडला तरी अनसूयाला एक धड अभिप्राय मिळाला नव्हता. पिराजीने त्या दिवशी तिसरा कागद लिहिला. त्यात नेमक्या बारा चुका होत्या. पहिली चूक, दुसरी चूक, अशा बारा. आवडलेल्या गोष्टींची जागा रिकामी होती, कारण चुकांनीच कागद भरला. अनसूया तो वाचून बाकावर डोकं टेकून रडली. तिच्यासारखी पोरगी रडताना मी पहिल्यांदा पाहिली. मलाही वाईट वाटलं.

‘असं तोंडावर चूक चूक म्हणायचं नसतं रे,’ बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘समोरचं चुकतंय असं दिसलं तर प्रश्न विचारायचा. हळुवार. त्याचं त्याला उमजू द्यायचं. आपण सांगून टाकायचं नाही.’

‘सांगून टाकायचं नाही. प्रश्न विचारायचा.’ पिराजीने बोटांवर मोजून मोजून पाठ केलं.

गुरुवारी दुपारी खिचडी शिजत होती. हौसामावशी पातेलं चुलीवर ठेवून, पाठ करून कोथिंबीर निवडत होत्या. पिराजी पाणी प्यायला तिकडे गेला. पातेल्यातून धूर निघत होता. पिराजीने पाहिलं. थांबला. बाईंची शिकवण आठवली. मावशींच्या शेजारी उकिडवा बसला.

‘मावशी, एक विचारू?’

‘विचार बाळा.’

‘खिचडीचा रंग कसा असावा असं तुम्हाला वाटतं?’

‘पिवळा. दुसरा कसला?’

‘आणि समजा, काळा झाला तर?’

‘गप रे. काळा कशाला होतोय?’

‘हां. कशाने होत असेल बरं?’

मावशींना पोराचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्याशी कुणी एवढा वेळ बोललं नव्हतं. त्यांनी त्याला हळद, डाळ, तांदूळ सगळं समजावून सांगितलं. पिराजी मान डोलवत होता आणि मधूनच विचारत होता, ‘आणि वास? वास कसा यावा मावशी?’ मावशींना नेमकी सर्दी झालेली. होता होता पातेल्याचं बूड लाल झालं, तेव्हा कुठे त्या वळल्या.

त्या दिवशी एकशे बारा पोरं उपाशी राहिली. त्यात मीही होतो. त्यामुळे या ठिकाणी मला अजूनही हसू येत नाही.

बाई धावत आल्या. ‘अरे, तोंड शिवलं होतं का तुझं? ओरडायचं ना! मोठ्याने! सगळ्यांना ऐकू जाईल असं!’

‘पण बाई, तुम्हीच म्हणालात की सांगून टाकायचं...’

‘वाद घालू नकोस!’ बाईंचा संयम संपला. भुकेने त्याही कासावीस झाल्या होत्या. ‘कुणी आपल्याला काही सुनावलं की वाद घालायचा नाही! मान खाली घालायची. आभारी आहे, सुधारणा करतो, एवढंच म्हणायचं.’

पिराजीने मान खाली घातली. ‘आभारी आहे बाई. सुधारणा करतो.’

आणि काय सांगू, त्याने केली. गुरुवारी घरी जाऊन त्याने अनसूयाचा निबंध चार वेळा वाचला. आबांच्या पायाशी बसून वाचला. शुक्रवारी सकाळी कागद आणून बाईंपुढे ठेवला. बाईंनी भीत भीत उघडला. वाचला. पुन्हा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवडलेल्या दोन गोष्टी निबंधातल्या होत्या. नेमक्या होत्या. सुधारणासुद्धा अशी होती की बाईंच्याही लक्षात आली नसती. पिराजीला पहिल्यांदाच सगळं बरोबर जमलं होतं.

‘शाब्बास रे माझ्या वाघा!’ बाई म्हणाल्या. ‘अनसूया कुठाय?’

अनसूया आली नव्हती. अण्णांनी तिला गिरणीवर बसवून घेतलं होतं. लग्नसराई होती, दळणाची रांग लागली होती.

‘मग तू आत्ता तिच्याकडे जा,’ बाई म्हणाल्या. ‘तिला हे वाचून दाखव. उद्या सभा आहे, आज रात्रीत तिला निबंध नीट करायचाय. आणि मोठ्याने वाच, गिरणीचा आवाज असतो.’

पिराजी घरी गेला, जातच आहोत तर म्हणून दळणाचा डबा डोक्यावर घेतला आणि गिरणीवर पोचला.

गिरणीत सात बायका बसल्या होत्या. पट्टा फडफडत होता, जातं घरघरत होतं, पिठाच्या धुरळ्यात माणूस माणसाला दिसत नव्हता. अनसूया वर उभी राहून दाणे सोडत होती. तिची धाकटी बहीण कावेरी डब्यांवर झाकणं लावत होती. शिदूअण्णा कोपऱ्यात खाटेवर बसून सुपारी कातरत होते. पिराजीने डबा ठेवला, कागद काढला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, ‘अनसूया!’

ऐकू गेलं नाही. त्याने आणखी जोर लावला. नेमकी त्याच क्षणी लाइट गेली.

जातं थांबलं. पट्टा थांबला. गिरणीत अशी शांतता पसरली की अण्णांचा अडकित्ता वाजलेला ऐकू आला. आणि त्या शांततेत पिराजी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, ‘तू दिलेला कागद मी चार वेळा वाचला! मला तुझ्या दोन गोष्टी फार आवडल्या!’

सात पदर सात तोंडांवर गेले.

अनसूया वरच्या वर थिजली. ‘पिराजी, नंतर,’ ती म्हणाली.

‘नंतर नाही. आज रात्रीच सगळं उरकायचंय!’ पिराजी म्हणाला आणि पुढे वाचू लागला. ‘आवडलेली पहिली गोष्ट. तू लिहिलंस की पहाटे गिरणी उघडताना मी रोज एकच स्वप्न बघते. दुसरी गोष्ट. तू लिहिलंस की मला या घरातून लांब जायचंय, पण अण्णांपुढे तोंड उघडत नाही. वाचून अंगावर काटा आला! एक सुधारणा सुचवतो. जायचंय म्हणतेस, पण कधी, कसं आणि कुणाबरोबर, ते काहीच लिहिलेलं नाही. तेवढं नेमकं लिही!’

अण्णा उठले. सुपारी खाली पडली.

‘काय रं ए! कसला कागद?’

‘अण्णा, निबंध आहे तो,’ अनसूया वरून म्हणाली.

‘हल्ली निबंध म्हंत्यात व्हय त्याला?’ अण्णांनी पिराजीच्या हातातला कागद हिसकावला. ‘माझ्या पोरीबद्दल काय बोलत हुतास तू?’

‘पोरीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही अण्णा.’

‘का?’

‘बोलायचं नाही असं ठरलंय.’

‘कुणाचं ठरलंय?’

‘आमचं.’

एक म्हातारी खुदकन हसली आणि तिला ठसका लागला. अण्णांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. ‘हरामखोरा, डबा घेऊन यायचं निमित्त करतोस आणि माझ्या दारात उभा राहून हे धंदे करतोस?’

आता हे सुनावणं होतं. पिराजीने ओळखलं. मान खाली घातली.

‘आभारी आहे अण्णा. सुधारणा करतो.’

‘आं? वर आणि आभार? पुन्हा पोरीला कागद लिहिलास तर तंगडी मोडून हातात देईन!’

‘आभारी आहे अण्णा,’ पिराजी म्हणाला. आणि मग नेमकेपणाची आठवण होऊन त्याने विचारलं, ‘कुठली? डावी की उजवी?’

अण्णांनी अडकित्ता उचलला तो फेकायलाच. बायका मध्ये पडल्या. पिराजी पळाला नाही. उत्तराची वाट बघत उभा राहिला. शेवटी त्या म्हातारीने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

अण्णांनी गिरणीचं दार ओढलं, अनसूयाचं मनगट धरलं आणि तरातरा शाळेच्या वाटेला लागले. मागून कावेरी, मागून सात बायका. अनसूयाला वाटलं, संपलं. शाळा संपली, होस्टेल संपलं, सगळंच संपलं. तिने नंतर मला सांगितलं की त्या वाटेवर तिला पुढचं काही दिसतच नव्हतं.

आम्ही वर्गात होतो. अण्णा दारात आले आणि त्यांनी तो कागद बाईंच्या टेबलावर आपटला. ‘बघा तुमच्या शाळेतला अभ्यास!’

बाईंनी कागद पाहिला. ‘अण्णा, हा अभिप्राय आहे. मीच द्यायला सांगितला.’

‘बाई, तुमी भोळ्या हाय,’ अण्णा म्हणाले. ‘तुमच्या नाकाखाली पोरं काय करत्यात तुमाला पत्ता न्हाई.’

‘अहो अण्णा, देवाशपथ, निबंधच आहे!’

‘ऱ्हाऊ द्या. मला शिकवू नका.’ अण्णा थोडा वेळ धापा टाकत राहिले. मग त्यांनी पिराजीकडे बोट केलं. तो तोवर पळत येऊन आपल्या बाकावर बसला होता. ‘हे पोरगं यंदा पास होणार का?’

बाई म्हणाल्या, ‘खरं सांगायचं तर, नाही.’

‘म्हंजे पुढल्या वर्षीबी गावातच?’

‘गावातच.’

‘आणि त्याच्या घरात खाणारी तोंडं चौदा. दिवसाआड दळण. म्हंजे दिवसाआड हा माझ्या गिरणीत.’ अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. पोरगी घरात ठेवावी तर घर गिरणीला लागून. गिरणीत येऊ नको म्हणावं तर चौदा माणसांचं दळण जातं दुसरीकडे. मग अण्णांनी एकदम आवाज उतरवून विचारलं, ‘बाई, ते तुमचं तालुक्याचं होस्टेल. त्येला भिंत केवढी हाय?’

बाईंनी हात उंच करून दाखवला. ‘नऊ फूट, अण्णा.’

‘वर काचा?’

‘काचा आहेत.’

‘पोरं?’

‘एकही नाही. फक्त मुली.’

‘आणि कागद-चिठ्ठी आली तर?’

‘रेक्टरबाई स्वतः उघडून वाचतात. मगच देतात.’

अण्णांनी अनसूयाचं मनगट सोडलं. ‘अर्ज द्या,’ ते म्हणाले.

बाई पुढे काहीतरी समजवायला जाणार होत्या, तोंड उघडलंही होतं. पण अनसूयाने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की बाईंनी ते मिटलं, कपाट उघडलं आणि अर्ज काढला. अण्णांनी तिथल्या तिथे अंगठा नाही, चांगली सही केली. दुसऱ्या दिवशीच्या सभेला ते आलेच नाहीत. निबंध वाचायची गरजच पडली नाही. बाईंनी प्रशिक्षणवाल्यांना अहवाल पाठवला की सहाध्यायी अभिप्रायाचा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रगतीवर तात्काळ परिणाम दिसून आला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

जून महिना आला. आमची शाळा आधी उघडली, तालुक्याची आठवड्याने उघडणार होती. त्या सोमवारी सकाळच्या एसटीला अनसूया निघाली. ट्रंक, वळकटी, लाडवांचा डबा. निम्मा गाव पोचवायला आला होता. आईने पोरीला कुरवाळलं. बाईंनी पेन दिलं. कावेरी खांबाला धरून उभी होती. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. ‘मला पण जायचंय’ असं ती दोन दिवस म्हणत होती आणि अण्णा दोन दिवस म्हणत होते, ‘आता गिरणीवर तूच. गप बस.’ तिचे डोळे रडून सुजले होते.

अनसूया गाडीत बसली. अण्णा पायरीवर चढले, कारण सोडायला ते स्वतः जाणार होते. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालणार, तोच गर्दीतून पिराजी पुढे आला. हातात कागद.

अण्णांनी पायातली वहाण काढली.

‘अण्णा, हा तिला नाही,’ पिराजी लांबूनच म्हणाला. ‘तिला लिहायचं नाही म्हणून तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं नाही. हा तुम्हाला आहे.’

अण्णांनी वहाण तशीच हातात ठेवून दुसऱ्या हाताने कागद घेतला. चष्मा ट्रंकेत होता. त्यांनी कागद कंडक्टरला दिला. कंडक्टरने गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचला.

‘आदरणीय अण्णा. तुमच्या दोन गोष्टी मला आवडल्या. एक, अनसूयाला शिकायला पाठवलंत. दोन, स्वतः सोडायला निघालात. एक सुधारणा सुचवतो. कावेरीचा तुम्ही नीट विचार केलेला दिसत नाही. ती यंदा आठवीत आली आहे. मीही आठवीतच आहे. शुक्रवारी बाईंनी जोड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर तिची जोडी माझ्याशीच लागली. शनिवारी तिने मला पहिला कागद दिला आहे. मी तो दोन वेळा वाचला. आज रात्री उत्तर लिहायला बसणार आहे. आपला, पिराजी.’

अण्णांनी वहाण खाली टाकली आणि पायात घातली. पिराजीकडे पाहिलं. खांबाला धरून उभ्या असलेल्या कावेरीकडे पाहिलं. मग खाली उतरले, तिच्या दंडाला धरलं आणि होती तशी, अनवाणी, तिला उचलून गाडीत बसवलं.

‘अहो, तिचे कपडे!’ आई ओरडली.

‘उद्याच्या गाडीनं धाड,’ अण्णा म्हणाले आणि कंडक्टरकडे वळले. ‘अजून एक तिकीट फाडा. आणि हाणा घंटी, हाणा, त्या पोराला तिसरा कागद सुचायच्या आत!’